दारावरची घंटा आणि घरची साक्ष

“कोण आहे?” हा प्रश्न प्रत्येक घर दिवसांतून दहा वेळां विचारीत असतें. कडी वाजते, घंटा वाजते, किंवा ओट्यावरून कोणी नुसतें खाकरतें, आणि आंतून हा प्रश्न येतो. ज्या घरांत तरणींताठीं माणसें आहेत तेथें त्याचें उत्तर दार उघडूनच मिळतें, आणि त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नाहीं. परंतु ज्या घरांत एकटी म्हातारी आहे तेथें दार उघडणें ही जोखीम, आणि न उघडणें हा दारीं आलेल्याचा अवमान. या दोहोंमधला मार्ग म्हणून आज व्हिडिओ डोअरबेल नांवाचें यंत्र घरोघर येऊं लागलें आहे. घंटेच्या बटणाशेजारीं एक लहानसा कॅमेरा असतो. बाहेरच्याचें तोंड आंत पडद्यावर दिसतें, दार न उघडतां त्याच्याशीं बोलतां येतें, आणि घरांत रेकॉर्डर बसविला असेल तर दारांत झालेली सारी हकीकत त्यांत सांठून राहते. हें यंत्र कसें बसवावें, आणि बसवितांना काय काय संभाळावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या यंत्राची मूळ कल्पना कोणा बड्या कारखानदाराची नसून एका परिचारिकेची आहे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांत मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नांवाची बाई राहत असे. तिच्या व तिच्या पतीच्या कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तींत गुन्हे वाढलेले, आणि पोलिसांना हांक मारली तरी ते वेळेवर येतील अशी खात्री नाहीं. घरीं एकटें असतां दार वाजलें कीं तिला धास्ती वाटे. तिचा पति अल्बर्ट ब्राऊन हा विद्युत्-उपकरणांचा जाणता. उभयतांनीं मिळून एक योजना रचली: दाराला निरनिराळ्या उंचीवर चार भोकें, त्यांमागें वरखालीं सरकणारा कॅमेरा, आंतल्या खोलींत पडदा, बोलण्याची सोय, दुरून दाराची कडी सोडण्याचें बटण आणि मदतीसाठीं इशारा. १९६६ सालीं त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला व २ डिसेंबर १९६९ रोजीं तें त्यांना मिळालें. घरीं एकट्या असणाऱ्या बाईची धास्ती हीच या यंत्राची जननी होय. तेव्हां या यंत्राची परीक्षाही त्याच कसोटीवर व्हावी: घरांत जें माणूस एकटें आहे त्याची धास्ती यामुळें कमी होते कीं नाहीं?

हा विचार शहरांतील सदनिकेऐवजीं एका खेड्याच्या निमित्तानें केलेला बरा. कारण शहरांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचें एक दार अजून गांवीं आहे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत उमापूर हें गांव आहे. गोदावरीच्या दक्षिणेचा हा मुलूख. दसरा उलटला कीं या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, तीं गळिताचा हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. शिकलेलीं मुलें पुण्यास किंवा छत्रपति संभाजीनगरास नोकरी धरतात. गांवीं मागें राहतात तीं बहुतेक वयस्क माणसें.

पूर्वीं गांवाला वेस असे आणि वेशीवर वेसकर असे. रात्रीं परका माणूस शिरला तर त्याला हटकणें हें त्याचें काम. पिढ्यान् पिढ्या तो जागला म्हणून गांव निर्धास्त झोंपलें. परंतु ज्यानें साऱ्या गांवाचीं दारें राखलीं त्याला त्यांतील एकाही घराचा उंबरा ओलांडूं दिला गेला नाहीं, ही आपल्या ग्रामव्यवस्थेची लाजिरवाणी बाजू विसरतां कामा नये. पहारा देणाऱ्याशीं कसें वागावें हें समाजाला तेव्हां उमगलें नाहीं. आतां पहारा यंत्राकडे आला असतां दारीं येणाऱ्याशीं कसें वागावें हें तरी उमगावें.

उमापुरांतील असें एक घर कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावें. दगडमातीच्या दोन हात रुंदीच्या भिंती, वर माळवद, पूर्वेकडे तोंड केलेलें दार, दाराबाहेर ओटा आणि ओट्यापुढें गल्ली. घरांत सत्तरी उलटलेली आई. मुलगा पुण्यास नोकरीवर. एके दुपारीं दोन इसम ‘मीटर तपासायचं आहे’ असें सांगून दारांत उभे राहतात. आईला ऐकूं कमी येतें. ती कडी काढते. त्या दिवशीं कांहीं विपरीत घडत नाहीं. ते खरोखरच मीटर पाहून निघून जातात. परंतु रात्रीं फोनवर ही हकीकत ऐकल्यावर मुलाची झोंप उडते, आणि सकाळीं उठून तो डोअरबेल मागवावयास बसतो.

येथेंच पहिली चूक होण्याचा संभव असतो. बाजारांत बॅटरीवर चालणाऱ्या बिनतारी डोअरबेल मिळतात. त्या बसविण्यास सोप्या, भिंत फोडावी लागत नाहीं, म्हणून मन त्यांकडे ओढ घेतें. परंतु दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंतींतून वायफायच्या लहरी क्षीण होऊन जातात. ओट्यावरचें चित्र आंतल्या खोलींत पोहोंचेपर्यंत तुटूं लागतें. दुसरें असें कीं बॅटरी वांचविण्यासाठीं हें यंत्र एरव्हीं निजलेलें असतें. कोणी समोर आलें कीं तें जागें होतें, आणि त्या जागें होण्याच्या अवधींत पहिले क्षण निसटतात. पुष्कळदां चोराचें तोंड नेमकें त्याच क्षणांत असतें. वैशाखांत तापलेल्या भिंतीवर बॅटरीचें आयुष्यही झपाट्यानें घटतें. शिवाय अशा यंत्रांचीं चित्रें बहुधा विकणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकांत सांठविलीं जातात. त्यासाठीं इंटरनेट अखंड लागतें आणि दरमहा पैसेही मोजावे लागतात. उलट तारेनें जोडलेली डोअरबेल रात्रंदिवस जागी राहते, आणि तिचा रेकॉर्डर घरांत असल्यामुळें इंटरनेट बंद पडलें तरी चित्र घेणें थांबत नाहीं. ज्या गांवीं वीज व इंटरनेट यांचा भरंवसा कमी, तेथें तारेचाच मार्ग धरावा.

परंतु तार म्हटली कीं दुसरा धोका येतो, आणि तो जिवावरचा आहे. परदेशी बनावटीच्या पुष्कळ डोअरबेल १६ ते २४ व्होल्ट दाबाच्या विजेवर चालण्यासाठीं केलेल्या असतात. अमेरिकेंतील घरांत दारावरच्या घंटेला मुळांतच कमी दाबाची वीज दिलेली असते. आपल्याकडील घरांत मात्र घंटेच्या बटणांतून थेट २३० व्होल्टची वीज खेळते. जुनें बटण काढून त्याच तारा नव्या डोअरबेलला जोडल्या तर यंत्र तत्काळ जळेल. आणि पावसानें भिजलेल्या भिंतीवरील त्या यंत्रास हात लावणाऱ्यास प्राणांतिक झटकाही बसूं शकेल. खोक्यावरील इंग्रजी मजकूर न वाचतां ‘तार तीच, बटण नवें’ असें म्हणून काम उरकणें म्हणजे आगीशीं खेळ आहे. तेव्हां प्रथम मेन स्विच बंद करावा, टेस्टरनें खात्री करून घ्यावी, आणि हें काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करवावें. जुनी तारच वापरावयाची असेल तर घरांत, भिजणार नाहीं अशा जागीं, वीज उतरविणारा ट्रान्सफॉर्मर बसवावा, आणि यंत्राबरोबरच्या कागदांत जितका दाब सांगितला असेल तितकाच द्यावा.

याहूनही निर्धोक मार्ग म्हणजे जुन्या घंटेच्या तारा मुळापासून तोडून त्यांचीं टोकें बंद करणें, आणि दारापासून रेकॉर्डरपर्यंत एक नवी नेटवर्क केबल ओढणें. संगणकाला लावतात तीच ही केबल. एकाच केबलींतून चित्र आंत येतें आणि वीज बाहेर जाते. या पद्धतीचें प्रमाणीकरण २००३ सालीं झालें. हींतील वीज सुमारें ४८ व्होल्टची, आणि देणाऱ्या टोकाकडून फार तर १५.४ वॅट इतकीच असते. देणारें यंत्र आधीं अगदीं अल्प दाब सोडून पलीकडे योग्य उपकरण आहे कीं नाहीं याची चाचपणी करतें, आणि खूण पटली तरच पुरी वीज सोडतें. केबलची लांबी १०० मीटरपर्यंत चालते. उमापूरच्या मोठ्यांतल्या मोठ्या वाड्यालाही ती पुरून उरेल. अर्थात् डोअरबेल या पद्धतीनें वीज घेणारी आहे काय, हें विकत घेण्यापूर्वींच विचारून घ्यावें.

केबल घेतांना ती संपूर्ण तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण ती वीज नीट वाहून नेत नाहीं आणि वळणाशीं लवकर तुटते. तिला स्वतंत्र पाइपांतून न्यावें, घरच्या विजेच्या तारांबरोबर एकाच पाइपांत कोंबूं नये. भिंतींत शिरण्यापूर्वीं केबलला बाहेर खालच्या अंगाला एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचें पाणी केबलवरून आंत न जातां झोळाशींच गळून पडतें. भोंक पाडतांना तें बाहेरच्या बाजूला किंचित् उतरतें पाडावें. मातीच्या भिंतींत पाणी मुरलें तर यंत्रापेक्षां भिंतीचेंच नुकसान अधिक. मराठवाड्यांत वळवाच्या पावसांत विजा फार पडतात. त्यासाठीं घराचें अर्थिंग तपासून घ्यावें आणि वाढीव दाब अडविणारें उपकरण लावावें.

डोअरबेल जमिनीपासून साधारण चार फुटांवर बसवावी. फार उंच लावली तर येणाऱ्याची टोपी वा पदर दिसेल, तोंड दिसणार नाहीं. पूर्वाभिमुख दाराची आणखी एक अडचण असते. सकाळीं सूर्य पाहुण्याच्या पाठीशीं असतो आणि चित्रांत नुसती काळी आकृति उमटते. उजेड आणि छाया यांचा समतोल राखण्याची सोय कॅमेऱ्यांत असते; ती चालू करावी, किंवा यंत्र थोडें कोनांत बसवावें. रात्रीं कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेंकतो. शेजारची चुन्याची पांढरी भिंत फार जवळ असेल तर तो प्रकाश तिच्यावरून परततो आणि सारें चित्र पांढरें फटक पडतें. म्हणून स्क्रू घट्ट करण्यापूर्वीं यंत्र तात्पुरतें बांधून सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन वेळां चित्र पाहून घ्यावें.

आतां रेकॉर्डर. हा घराच्या आंतल्या बाजूस, कुलपाच्या परंतु हवा खेळत्या कपाटांत ठेवावा. दाराशेजारच्या कोनाड्यांत तो ठेवला तर घरफोडी करणारा सर्वांआधीं तोच उचलील, आणि साक्षीदारच चोरीस जाईल. रेकॉर्डर आणि डोअरबेल यांची परस्परांशीं ओळख करून द्यावी लागते. डोअरबेलला नेटवर्कमध्यें एक कायमचा पत्ता द्यावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर रेकॉर्डर तिला चुकीच्या पत्त्यावर शोधीत बसणार नाहीं. दोन्हीं यंत्रें एकाच कंपनीचीं नसतील तर त्यांना समान भाषा हवी; ऑनव्हिफ हें त्या भाषेचें नांव. २००८ सालीं ॲक्सिस, बॉश व सोनी या कंपन्यांनीं एकत्र येऊन ही समान भाषा ठरविण्याचें काम हातीं घेतलें. मात्र या भाषेनें चित्र पोहोंचलें तरी ‘आतां घंटा वाजली’ हा निरोप आणि बोलण्याची सोय पोहोंचेलच असें नाहीं. विकत घेतांना दुकानदारास हा एक प्रश्न स्पष्ट विचारावा, नाहींतर चित्र दिसतें पण घंटेची नोंद नाहीं असा अनुभव येतो.

सांठवणीचा हिशेब शाळकरी मुलालाही करतां येईल. चित्राचा ओघ सेकंदाला २० लक्ष बिट असला तर त्याचे ८ नें भागून अडीच लक्ष बाइट होतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केल्यावर दिवसाला २१.६ गिगाबाइट इतकी जागा लागते. एक टेराबाइटची, म्हणजे हजार गिगाबाइटची, हार्ड डिस्क असली तर सुमारें ४६ दिवसांचा सांठा राहतो. ओघ दुप्पट केला, म्हणजे चित्र अधिक स्पष्ट केलें, तर तोच सांठा २३ दिवसांवर येतो. डिस्क भरली कीं रेकॉर्डर सर्वांत जुनें चित्र पुसून त्यावर नवें लिहितो. गांवाहून परतल्यावर दीड महिन्यापूर्वींची हकीकत पाहूं म्हणणाऱ्याला हा हिशेब आधींच ठाऊक असावा.

विजेचाही हिशेब असाच करावा. डोअरबेल, रेकॉर्डर आणि राउटर मिळून सुमारें २५ वॅट वीज घेतात असें धरूं. १२ व्होल्ट ७ अँपियर-तासांची लहान बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते. गळती वजा जातां दोन ते अडीच तास निभाव लागतो. घरीं मोठा इन्व्हर्टर असल्यास या तिन्ही यंत्रांची जोडणी त्यावरच घ्यावी. दिवे जातात त्याच वेळीं दाराची राखण अधिक लागते.

एवढें सारें झालें तरी एक लहानशी बाब राहून जाते, आणि ती राहिली तर बाकीचें निष्फळ ठरूं शकतें. ती म्हणजे रेकॉर्डरचें घड्याळ. कारखान्यांतून आलेलें घड्याळ अनेकदां ग्रीनविचच्या वा चीनच्या वेळेवर चालत असतें. भारताची वेळ ग्रीनविचच्या साडेपांच तास पुढें आहे. तें बदललें नाहीं तर सायंकाळीं साडेसातची घटना दुपारीं दोनची म्हणून नोंदली जाईल. वेळेच्या नोंदीला किती मोल असतें याचें उदाहरण गोदावरीपलीकडच्या जालन्यानेंच दिलें आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत जालना मतदारसंघाचा निकाल अवघ्या २९६ मतांनीं लागला. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजीं दुपारीं ३ वाजेपर्यंत होती, आणि विजयी उमेदवाराचे अर्ज त्यानंतर दाखल झाले असा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयांत आणि बाहेर कॅमेरे चालू होते. तीन वाजण्यापूर्वीं कीं नंतर, या एका प्रश्नावर त्या चित्रांची साक्ष निघाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २०१७ सालीं ती निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यांत १४ जुलै २०२० रोजीं न्यायालयानें उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. त्याच वेळीं असा दंडकही सांगितला कीं, मूळ यंत्रच न्यायालयापुढें न आणतां त्यांतील चित्राची प्रत पुराव्यांत द्यावयाची असेल तर कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमांत या प्रमाणपत्राची तरतूद आहे. त्याचे दोन भाग असून एक यंत्र संभाळणाऱ्यानें आणि दुसरा तज्ज्ञानें द्यावयाचा असतो.

यांतून गृहस्थानें घ्यावयाचा बोध सोपा आहे. घड्याळ भारतीय वेळेवर लावावें आणि महिन्यांतून एकदां भिंतीवरील घड्याळाशीं ताडून पाहावें. कांहीं अप्रिय घडलें तर त्याच दिवशीं तेवढ्या भागाची प्रत काढून ठेवावी, तिची कापाकापी करूं नये, रेकॉर्डर जागचा हलवूं नये, आणि पोलिसांस वेळीच कळवावें. घरची साक्ष खरी असून चालत नाहीं. ती खरी आहे हें दाखवितांही आलें पाहिजे.

यापुढची बाब किल्लीची. दाराला भक्कम कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवणाऱ्यास आपण वेडा म्हणतों. परंतु कारखान्यानें दिलेला पासवर्ड तसाच ठेवणारा नेमकें तेंच करीत असतो. २०१६ सालीं मिराई नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅमनें जगभर असे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधून काढले. त्याच्याजवळ कारखान्यांतल्या साठांहून अधिक सर्वश्रुत पासवर्डांची यादी होती. तो एकेक लावून पाही आणि ज्याचें दार उघडे त्याला आपल्या फौजेंत भरती करी. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं त्या फौजेच्या माऱ्यानें अमेरिकेंतील अनेक मोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. घरमालकांना पत्ताही नव्हता कीं त्यांचा पहारेकरी दुसऱ्याच्या दारावर दगड मारीत आहे. भारत सरकारनेंही २०२४ सालीं अधिसूचना काढून देशांत विकल्या जाणाऱ्या अशा कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी आवश्यक केली, आणि एप्रिल २०२५ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. म्हणून यंत्र चाचणी झालेलें घ्यावें, पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा, तो कागदावर लिहून कुलपांत ठेवावा, आणि यंत्र बसविणाऱ्या कारागिराला तो काम संपल्यावर ठाऊक राहूं नये.

शेवटची बाब मर्यादेची. कॅमेऱ्याचा डोळा आपल्या उंबऱ्यापुरता थांबत नाहीं. समोरच्या घराचें दार, शेजारणीचें अंगण, गल्लींतून नळावर जाणाऱ्या मुली, सारें तो पाहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टापुढें २०२१ सालीं एका शेजाऱ्यांचें भांडण आलें, तेव्हां दारावरच्या अशाच घंटेनें व कॅमेऱ्यांनीं शेजारणीच्या खासगीपणावर अतिक्रमण झाल्याचें न्यायाधीशांनीं मान्य केलें. आपल्याकडे २०२५ सालीं कलकत्ता उच्च न्यायालयानें एकाच वास्तूंत राहणाऱ्या दोन भावांच्या वादांत, सहवाशाच्या संमतीवांचून राहत्या भागांत कॅमेरे चालवितां येणार नाहींत असें ठरविलें, आणि सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें. चित्रांतील नको तो भाग काळा करून झांकण्याची सोय बहुतेक रेकॉर्डरमध्यें असते. शेजाऱ्याला बोलावून आपलें चित्र दाखवावें, त्याचें दार त्याच्या देखत झांकावें, आणि कॅमेरा आहे अशी पाटी लावावी. ज्या शेजाऱ्याच्या भरंवशावर म्हातारी आई गांवीं राहते, त्याचा भरंवसा यंत्रापायीं घालविणें यासारखा तोट्याचा सौदा नाहीं.

आणि ही मर्यादा शेजाऱ्यांपुरतीच नाहीं. ती घरांतही आहे. पुन्हा त्या उमापूरच्या घराकडे वळूं. यंत्र बसलें, चित्र स्वच्छ आलें, पुण्यास मुलाच्या फोनवरही तें दिसूं लागलें. चार दिवस बरे गेले. पांचव्या दिवशीं मुलाचा फोन आला, “आई, दुपारीं ती कोण बाई तासभर ओट्यावर बसली होती?” आई कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, ती माझ्याकडं रडायला आली होती. तिनं मला सांगितलं, तुला नव्हं. आतां ती पुन्हा यायची न्हाई.”

त्या मुलाचा हेतु वाईट नव्हता. मायेपोटींच त्यानें विचारलें. परंतु एकट्या माणसाची धास्ती घालविण्यासाठीं जें यंत्र आणलें, त्यानें त्या माणसाकडे येणारी सोबतच तोडली, तर तें यंत्र कशासाठीं? गांवांतल्या म्हातारीची खरी राखण तिच्या ओट्यावर बसणाऱ्या बायाच करीत असतात. आज ती दिसली नाहीं, दार अजून उघडलें नाहीं, चुलीचा धूर निघाला नाहीं, हें त्यांच्याच ध्यानांत प्रथम येतें. हार्ड डिस्कला तें दिसतें, पण कळत नाहीं.

यावर उपाय अवघड नाहीं. तो यंत्राच्याच मांडणींत आहे. पुढच्या सुटींत मुलगा गांवीं येतो आणि जोडणी पुन्हा करतो. आईच्या बाजेशेजारीं भिंतीवर एक पडदा लागतो. तिला ऐकूं कमी येतें म्हणून घंटेचा आवाज मोठा ठेवला जातो, आणि बटण दाबतांच आंत एक दिवाही लागतो. ओट्याची बसण्याची बाजू चित्रांत काळी केली जाते. उंबऱ्यासमोर उभा राहणारा तेवढा दिसतो. ध्वनि सांठविणें बंद होतें. मुलाच्या फोनवर दिवसभराचें चित्र जात नाहीं. आईनें पडद्याखालचें बटण दाबून बोलावलें तरच जातें. रेकॉर्डरच्या कपाटाची किल्ली आईच्या कमरेला, आणि पासवर्डाचा कागद तिच्या डब्यांत. तो बदलावयाचा झाल्यास तिला विचारून बदलावयाचा. मुलाच्या मनांत प्रथम थोडी रुखरुख राहते, पण आई त्याला एवढेंच म्हणते, “दार माझं हाय, तर डोळाबी माझाच असूं दे.”

यंत्रशास्त्र कितीही पुढें गेलें तरी दाराचा जुना न्याय बदललेला नाहीं. बाहेर कोण आहे हें ओळखण्यास यंत्रानें मदत करावी. दार उघडावें कीं उघडूं नये हें ठरविण्याचा अधिकार मात्र आंत राहणाऱ्या माणसाचाच. तार नीट ओढली, घड्याळ बरोबर लावलें, किल्ली घरच्या हातीं ठेवली आणि नजर उंबऱ्यापुरती आंवरली, म्हणजे ही नवी घंटा घराला शोभेल. मग दुपारीं ती वाजली असतां उमापूरची ती आई पडद्याकडे पाहील, शेजारीण ओळखील, आणि पूर्वींप्रमाणेंच कडी काढून म्हणेल, “ये बाई, आंत ये.”